फेस आपला, फास माशांचा

शुक्रवारी रात्री मॉल बंद होता होता घेतलेल्या गिफ्ट हॅम्परकडे बघून मी स्वतःवरच जाम खूश होते. वेताची छोटी टोपली, वर चकचकीत पारदर्शक कागद, लाल रिबन. आत एक हँडवॉश, एक फेसवॉश, एक बॉडीवॉश आणि दोन साबण. सगळं कसं ‘अँटिबॅक्टेरियल’! पहिल्यांदाच कुणाच्या गावी पाहुणी म्हणून जायचं, तर रिकाम्या हाताने कसं जायचं? शिवाय त्यातल्या हँडवॉशशी माझं जरा घरचंच नातं होतं. ‘९९.९ टक्के जंतूंचा खात्मा’ अशी ओळ त्याच्या जाहिरातीसाठी ज्या टीमने लिहिली, त्या टीममध्ये मी होते.

हो, मी जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर आहे. अंधेरीत राहते, अंधेरीतच काम करते, आणि दिवसातून किमान बारा वेळा हात धुते. टॅक्सीतून उतरल्यावर, लिफ्टचं बटण दाबल्यावर, दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट लागल्यावर. २०२० नंतर तर ही सवय कमी आणि धर्म जास्त झाला आहे. तुमचंही थोड्याफार फरकाने असंच असेल, पैजेवर सांगते.

तर गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या ऑफिसमधला आर्ट डिरेक्टर मूळचा आशागडचा. डहाणू तालुक्यातलं, डहाणू रोड स्टेशनवरून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. वारली कुटुंब. तो कॉलेजसाठी मुंबईत आला आणि इथलाच झाला. पण पहिला पाऊस पडला रे पडला की त्याचं सगळं लक्ष उडतं. डेडलाईन गेली खड्ड्यात, याला घरी जायचं असतं. “वलगण लागली असेल,” एवढंच म्हणतो. यंदा म्हणाला, “चल तू पण. एकदा बघ तरी.”

म्हणून शनिवारी पहाटे डहाणू लोकल पकडली. २०१३ पासून ही लोकल चर्चगेटहून थेट डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे आता आशागड हे माझ्या लेखी लोणावळ्याइतकंच जवळ. विरार गेलं, वैतरणेची खाडी गेली, पालघर, बोईसर, वाणगाव… खिडकीबाहेर हिरवा रंग चढत गेला. स्टेशनबाहेर रिक्षा मिळाली, आणि चिकूच्या वाड्या मागे टाकत आम्ही पाड्यावर पोचलो.

वलगणीची सकाळ

वलगण म्हणजे काय, हे शहरातल्या मंडळींसाठी थोडक्यात. उन्हाळाभर नदीच्या डोहात दडून बसलेले मासे पहिल्या जोरदार पावसाच्या लोंढ्याबरोबर उलटे, वरच्या अंगाला निघतात. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून थेट भातखाचरात. अंडी घालायला. ठाणे, पालघर, रायगडात या माशांची लोक वर्षभर वाट बघतात. अंड्यांवर आलेले मासे धरू नयेत, असं अभ्यासक सांगतात. माझ्या मित्रालाही ते पटतं, आणि त्यावरून त्याच्या घरी दरवर्षी एक छोटं भांडण होतं. पण त्या सकाळी मी पाहिलं ते भांडण नव्हे. गुडघाभर पाण्यात उभी असलेली पोरं, हातात झोळ्या, बांबूचे सापळे, आणि चिखलातून सुळकन जाणारी चंदेरी रेघ. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी चिखलात बसकण मारली आणि खदाखदा हसले.

माझ्या हाताला माशांचा वास लागला. चिखल होताच. मग काय, पर्समध्ये हँडवॉशची छोटी बाटली होतीच. ओढ्याच्या काठावर बसले, तळहातावर दोन थेंब घेतले, छान फेस केला आणि हात पाण्यात बुडवले.

“तिथे नको!”

मागे मित्राची आजी उभी होती. आवाज चढवून नाही बोलली, पण मी हात झटकन बाहेर काढला. आजी वारलीत बोलत होती आणि मित्र मला मराठीत सांगत होता. म्हणणं साधं होतं. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला. त्याखाली मासे. कपडे, भांडी, साबण सगळं त्याच्याही खाली, त्या मोठ्या दगडापलीकडे. आणि आत्ता तर अजिबातच नको, आत्ता त्यांची पिल्लं व्हायची वेळ.

“एवढ्याशा फेसाने काय होतंय, आजी?” मी विचारलं. खरं सांगायचं तर थोडं हसूनच विचारलं.

आजीने उत्तर दिलं नाही. काठीने कुंपणापलीकडचं एक काटेरी झाड दाखवलं.

साबण म्हणजेच विष

ते झाड गेळाचं. त्याची फळं छोट्या पेरूसारखी दिसतात. काही जण त्याला मदनफळही म्हणतात. आजीच्या लहानपणी साबण विकत आणायची पद्धत नव्हती. गेळाचं फळ ठेचायचं, पाण्यात चोळायचं, फेस येतो. त्यात कपडे निघतात. रिठ्याचंही तेच.

आणि याच गेळाच्या फळाने मासेही धरायचे! उन्हाळ्याच्या शेवटी नदी आटून नुसते डोह उरले की, फळं ठेचून त्याचा चोथा डोहात सोडायचा. थोड्या वेळाने मासे गुंगल्यासारखे वर येतात, तोंडं उघडी टाकून. हाताने उचलायचे.

मी थक्क झाले. कपडे धुवायचं आणि मासे गुंगवायचं औषध एकच! पण आजीला यात नवल काहीच नव्हतं. तिच्या दृष्टीने जे फेसाळतं ते माशाचा श्वास अडवतं. इतकं सरळ.

मुंबईला आल्यावर मी वाचून काढलं, तर विज्ञानही तेच सांगतं. गेळात आणि रिठ्यात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. ती तेलकट मळ सोडवतात म्हणून फेस येतो आणि कपडा निघतो. तीच द्रव्यं माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक पडद्यावर बसली की त्याचा पाण्यातून प्राणवायू घेण्याचा मार्ग बिघडतो. माणसाच्या आतड्यातून मात्र ती फारशी शोषली जात नाहीत, त्यामुळे असे धरलेले मासे खाल्ले तरी माणसाला बाधत नाहीत. शिवाय ही वनस्पतीची द्रव्यं आहेत, पाण्यातले सूक्ष्मजीव ती खाऊन संपवतात.

म्हणजे आजीचं विष मोजून-मापून, एका डोहात, सगळ्यांना सांगून टाकलेलं. आणि माझं?

रात्री झोपायच्या आधी मी टॉर्च लावून हॅम्परमधल्या बाटल्यांची मागची बारीक अक्षरं वाचली. आयुष्यात पहिल्यांदा. ज्या वस्तूंच्या पुढच्या बाजूची मोठी अक्षरं लिहून मी घर चालवते, त्यांच्या मागच्या बाजूला काय असतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. फेसवॉशवर होतं ट्रायक्लोसान. हँडवॉशवर क्लोरोझायलेनॉल.

एका बाटलीचं गणित

ट्रायक्लोसान हे १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं रसायन. १९७० च्या दशकात ते हॉस्पिटलांत आलं. ऑपरेशनआधी सर्जन हात धुतात, त्या द्रवात. तिथे त्याचं काम चोख होतं. मग ते हॉस्पिटलचा उंबरठा ओलांडून आपल्या घरात शिरलं. साबण, हँडवॉश, फेसवॉश, टूथपेस्ट, डिओ, पुढे पुढे तर चॉपिंग बोर्ड आणि मोजेसुद्धा.

ट्रायक्लोसान हा काही सिनेमातला व्हिलन नाही. २००१ मध्ये बंगळुरूच्या नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ते मलेरियाच्या परजीवीलाही रोखू शकतं. बॅक्टेरिया आपल्या पेशीसाठी जी स्निग्ध द्रव्यं बनवतात, ती बनवणारं एक एन्झाइम ट्रायक्लोसान बंद पाडतं. भारी शस्त्र आहे. प्रश्न एवढाच की हे शस्त्र रोज सकाळी चेहरा धुवायला लागतं का? आणि धुऊन झाल्यावर ते जातं कुठे?

आता एक छोटं गणित करू. अशा उत्पादनांत ट्रायक्लोसानचं प्रमाण साधारण ०.३ टक्क्यांपर्यंत असतं. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत सुमारे ७५० मिलीग्रॅम. चिमूटभर. झेब्राफिश हा प्रयोगशाळांचा लाडका मासा. त्याच्यावरच्या चाचण्यांत असं दिसलं की एक लिटर पाण्यात ०.३ ते ०.४ मिलीग्रॅम ट्रायक्लोसान असेल तर चार दिवसांत निम्मे मासे मरतात. बिल्डिंगच्या गच्चीवर दोन हजार लिटरची काळी टाकी असते ना? त्या टाकीत माझी ती एक बाटली ओतली, तर पाणी बरोबर या पातळीला येतं.

अर्थात कुणी अख्खी बाटली टाकीत ओतत नाही. गटारात, नदीत, समुद्रात हे रसायन पातळ होत जातं, आणि पाण्यात सापडतं ते साधारण लिटरमागे काही नॅनोग्रॅम ते काही मायक्रोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मग टेन्शन कशाला? मीही रविवारी परतीच्या लोकलमध्ये स्वतःला हेच समजावत होते.

मासा मरत नाही, मंदावतो

टेन्शन यासाठी, की मासा मरून तरंगला तरच काही बिघडलं असं नसतं.

२०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाची पिल्लं आठवडाभर ट्रायक्लोसान घातलेल्या पाण्यात ठेवली. पिल्लांचं पोहणं मंदावलं. का? स्नायू आकसायचा तर पेशीतल्या कॅल्शियमच्या दोन दारांचा एकमेकांशी संवाद व्हावा लागतो. ट्रायक्लोसान तो संवादच तोडतं. त्याच अभ्यासात उंदरांच्या पंजाची पकड ढिली पडली आणि हृदयाचं पंपिंगही घटलं.

नीट पोहता न येणारं पिल्लू नदीत किती दिवस टिकेल? त्याला ना खाणं पकडता येतं, ना मोठ्या माशाच्या तोंडून सुटता येतं. प्रयोगशाळेच्या भाषेत ते मेलेलं नाही. नदीच्या भाषेत मेलेलंच आहे.

आणखी बघा. डास मारायला आपण विहिरींत, डबक्यांत गॅम्बुसिया मासे सोडतो. २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात ट्रायक्लोसानच्या पाण्यातल्या गॅम्बुसिया नरांची शुक्राणूंची संख्या घटली, आणि अंड्यातल्या बलकाचं जे प्रथिन फक्त मादीत बनायला हवं, त्याची जनुकं नरांत जागी झाली.

तुम्ही म्हणाल, ही सगळी परदेशी उदाहरणं. तर मग अंधेरीतच या. माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, वर्सोव्याला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्या संशोधकांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे पंगेशियस माशावर. नाव ओळखीचं वाटत नाही? शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीत आपण जो ‘ग्रिल्ड बासा विथ लेमन बटर’ मागवतो, तो बहुतेक वेळा हाच. ट्रायक्लोसानमुळे त्याचं वागणं बदललं, रक्ताचे आकडे बदलले, चेतासंस्थेशी संबंधित एन्झाइमवर परिणाम झाला. हा अभ्यास मी राहते त्या वेसाव्याच्या बाजूलाच झाला आणि मला पत्ता नव्हता. मी तेव्हा बहुतेक ‘९९.९’ लिहीत होते.

ड्रेनेजच्या जाळीपलीकडे

आपल्यासाठी पाणी बेसिनच्या जाळीतून खाली गेलं की विषय संपला. खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गेलं, तर ट्रायक्लोसानचा बराचसा भाग तिथे वेगळा होतो. काही विघटित होतो, काही गाळात बसतो. पण ‘गेलं तर’ या दोन शब्दांत सगळं आलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार भारताच्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभर बादल्यांतल्या अठ्ठावीस. बाकीच्या बहात्तर नाल्यात, नदीत, खाडीत. मुंबईत तर वरळी आणि वांद्र्याहून मोठ्या बोगद्यांतून सांडपाणी तीन-साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडण्याची व्यवस्था आहे. समुद्र काय, सगळंच पोटात घेतो.

पाण्यात पोचल्यावर ट्रायक्लोसान गप्प बसत नाही. सूर्यप्रकाशात त्याच्यापासून एका प्रकारचं डायॉक्सिन तयार होऊ शकतं. डायॉक्सिनच्या कुळातलं ते सौम्य सदस्य आहे, पण कूळ तेच. सूक्ष्मजीव त्याचं मिथाइल ट्रायक्लोसान बनवतात. हे पाण्यापेक्षा चरबीत जास्त रमतं, म्हणून माशाच्या अंगात साठतं. स्वित्झर्लंडच्या तळ्यांतल्या माशांत ते सापडलं आहे. स्वीडनमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रक्रिया केलेलं सांडपाणी जिथे सोडतात तिथे पिंजऱ्यात ठेवलेल्या माशांच्या पित्तात ट्रायक्लोसान मिळालं. आणि त्याच अभ्यासात तपासलेल्या पाचपैकी तीन आयांच्या दुधातही.

त्याच सुमारास अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ३० राज्यांतल्या १३९ ओढ्या-नद्यांचं पाणी तपासलं होतं. निम्म्याहून जास्त ठिकाणी ट्रायक्लोसान होतं. आपल्याकडे २०११ मध्ये तमिळनाडूतल्या कावेरी, वेल्लार आणि तामिरभरणी या नद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही ट्रायक्लोसान सापडलं, तामिरभरणीत सगळ्यात जास्त.

आणि माशांच्याही आधी फटका बसतो तो शेवाळाला. पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ ट्रायक्लोसानपुढे माशांपेक्षा कितीतरी नाजूक आहे. शेवाळ गेलं की ते खाणारे किडे गेले, किडे गेले की पिल्लांचं खाणं गेलं. आजीच्या ओढ्याची आख्खी खानावळच बंद.

आता मला तिचं “आत्ता तर अजिबातच नको” कळायला लागलं. पहिला पाऊस उन्हाळाभर गटारांत, मोऱ्यांत साचलेलं सगळं एका दमात ओढ्यात आणतो. आणि नेमकी तीच वेळ अंडी आणि पिल्लांची. आशागडच्या माशांना हे झालंय, असा माझा दावा नाही. पण ते होऊ नये म्हणून काय पाळायचं, हे तिथल्या एका म्हातारीला प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे, आणि मला एमबीए करूनही नव्हतं.

९९.९ चा फंडा

बरं, एवढी किंमत मोजून आपल्याला मिळतं तरी काय?

सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान यांच्यासह १९ रसायनं घरगुती अँटिबॅक्टेरियल साबणांतून आणि हँडवॉशमधून हद्दपार केली. कारण वाचून मी दोनदा चष्मा पुसला. ही रसायनं रोजच्या वापरात साध्या साबण-पाण्यापेक्षा जास्त उपयोगी आहेत आणि दीर्घकाळ सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही! मिनेसोटा राज्याने तर त्याआधीच, २०१४ मध्ये बंदीचा कायदा केला होता. युरोपीय संघानेही २०१६ मध्ये हात धुण्याच्या जंतुनाशकांत ट्रायक्लोसानला मंजुरी नाकारली. २०१७ मध्ये दोनशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी ‘फ्लोरेन्स निवेदना’वर सह्या करून ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बानचा वापर गरजेपुरताच ठेवा, असं सांगितलं. त्यांची आणखी एक काळजी होती. सतत थोड्या थोड्या डोसला सामोरे गेलेले बॅक्टेरिया निर्ढावतात आणि मग अँटिबायोटिक्सनाही जुमानत नाहीत.

या सगळ्यानंतर बऱ्याच मोठ्या ब्रँड्सनी ट्रायक्लोसान काढूनही टाकलं. मग प्रश्न सुटला? पूर्ण नाही. बेंझाल्कोनियम क्लोराइड, बेंझेथोनियम क्लोराइड आणि क्लोरोझायलेनॉल या तीन रसायनांचा निर्णय अमेरिकेने तेव्हा पुढे ढकलला होता, आणि तीच अनेक बाटल्यांत ट्रायक्लोसानच्या जागी बसली. पाण्यातल्या जिवांसाठी तीही काही गंगाजल नाहीत.

आणि कृपा करून याचा अर्थ ‘हात धुवू नका’ असा काढू नका! हात धुवायचेच. साध्या साबणाने, वीस सेकंद, घासून. साबण जंतूंना मारतोच असं नाही, तो त्यांना हातावरून सोडवतो आणि पाणी वाहून नेतं. करोनाच्या विषाणूचं तेलकट आवरण तर साधा साबणच फोडतो. ऑपरेशन थिएटरची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर ठरवतील. पण माझं बाथरूम म्हणजे ऑपरेशन थिएटर नाही.

डहाणूला जमलं ते मला?

एक गंमत सांगते. डहाणू तालुका २० जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. कुठले कारखाने चालतील, कुठले नाहीत, याचे नियम आहेत. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर त्यावर देखरेखीसाठी खास प्राधिकरणही नेमलं गेलं. औष्णिक वीज केंद्रापासून वाढवणच्या बंदरापर्यंत इथली माणसं पाण्यासाठी आणि माशांसाठी वर्षानुवर्षं भांडत आली आहेत.

पण कारखान्याच्या गेटवर नियमाचा बोर्ड लावता येतो, टूरिस्टच्या टॉयलेट किटवर कसा लावणार? डहाणू-बोर्डीला वीकेंडला जाणारे आपण. रिसॉर्टच्या बाथरूममध्ये आपल्या बाटल्या रिकाम्या करणारे आपण. आणि पाणी तर उलट्या दिशेनेही येतं. सूर्या नदीवरच्या धरणाचं पाणी याच भागातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांना जातं. तिकडून स्वच्छ पाणी येतं, आपण त्यात फेस मिसळून समुद्राला देतो, आणि मग मार्केटमध्ये बोंबील ताजे आहेत ना, हे नाक लावून बघतो. वा!

लेबल वाचताना

• ‘अँटिबॅक्टेरियल’, ‘जर्म प्रोटेक्शन’ असे शब्द पुढे दिसले की बाटली उलटी करा. मागे ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान, क्लोरोझायलेनॉल, बेंझाल्कोनियम क्लोराइड यांपैकी काही आहे का बघा.
• रोजच्या वापराला साधा साबण पुरतो. वडी असेल तर प्लॅस्टिकही वाचतं.
• टूथपेस्ट डॉक्टरांनी मुद्दाम दिली असेल तर त्यांना विचारूनच बदला.
• नदी, ओढा, धबधबा इथे कुठलाच साबण-शॅम्पू नको. ‘हर्बल’ही नको. रिठाही माशांना गुंगवतो, विसरू नका.
• घरात अर्धी बाटली पडली असेल तर एकदम मोरीत ओतू नका. हळूहळू संपवा, पुन्हा आणू नका.

सोमवार

सोमवारी ऑफिसमध्ये योगायोगाने त्याच हँडवॉशच्या नव्या पॅकचा ब्रीफ टेबलावर होता. मी मीटिंगमध्ये विचारलं, “साध्या साबणापेक्षा हे जास्त चांगलं आहे, असं दाखवणारं काही आहे का आपल्याकडे?” दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. मग एकाने हसून सांगितलं, “तू ओळ लिही, केमिस्ट्री ते बघतील.” मी म्हटलं, या वेळी मला नाही जमणार.

फार मोठा पराक्रम केला असं समजू नका. मला काढून टाकलं नाही, टाळ्याही पडल्या नाहीत. ती ओळ दुसऱ्या कुणीतरी संध्याकाळपर्यंत लिहिली आणि चांगली लिहिली. मला बिस्किटांचं अकाउंट मिळालं. मित्र, जो त्याच पॅकचं डिझाइन करत होता, तो त्या दिवशी माझ्याशी जेवताना एक शब्द बोलला नाही. त्याच्या घराचा हप्ता असतो, मला माहीत आहे. रात्री त्याचा मेसेज आला : ‘आजी विचारत होती, ती हसरी मुलगी पुन्हा कधी येणार.’

हॅम्परचं काय झालं, विचारायचं राहिलंच. रविवारी निघताना आजीने टोपली ठेवून घेतली, सुके बोंबील ठेवायला झकास आहे म्हणाली. रिबन शेजारच्या पोरीच्या वेणीत गेली. बाटल्या मात्र तिने एकेक करून माझ्या बॅगेत परत ठेवल्या, आणि वर केळीच्या पानात बांधलेलं वलगणीच्या माशांचं कालवण दिलं. डबा लोकलमध्ये विरारपर्यंत घमघमत होता.

पुढच्या जूनमध्ये मी जाणार आहे. हात मोठ्या दगडापलीकडेच धुवायचे, ते आता पाठ झालंय.